न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर शाळकरी मुलांसह मोटारप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात स्वतः गाडी चालवत सहकुटुंब फिरण्याचा बेत आखणाऱ्या महाराष्ट्रातील पालकांसाठी न्यूझीलंडचे दक्षिण बेट ही सुरुवातीला फार सोयीची जागा आहे. वाहने तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, फलक इंग्रजीत असतात आणि शहरे सोडली तर रस्त्यांवर गर्दी तुरळक असते. खालील उत्तरे साधारण सहा ते पंधरा वर्षांची मुले बरोबर असतील असे धरून लिहिली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे : आखणी नकाशावरच्या अंतरावरून न करता मुलांच्या दिवसावरून करावी.

मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीच्या?

शक्य असेल तर दिवाळीच्या. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने आपल्या दिवाळीच्या सुमारास तिथे वसंत ऋतू चालू असतो, दिवस मोठा होत जातो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ख्राइस्टचर्चमध्ये रात्री साडेआठच्या सुमारासही उजेड असतो. मुलांसाठी याचा अर्थ असा, की मुक्कामी पोहोचल्यावरही तळ्याकाठी दोन तास खेळता येते. मेमध्ये हेच गणित उलटते. शरद ऋतू संपत आलेला असतो, पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, सकाळी रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पातळ थर असू शकतो आणि त्यामुळे गाडी चालवण्यासाठी सुरक्षित वेळ जेमतेम सात तास उरतो. मेमध्येच जायचे असेल तर जरूर जावे, कारण हॉटेले स्वस्त असतात आणि मुलांना शेजारच्या डोंगरावर ताजे बर्फ दिसण्याची शक्यताही असते, मात्र मुक्काम कमी आणि लांब ठेवावेत. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी मात्र टाळावा. तेव्हा तिथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि चांगल्या जागा कित्येक महिने आधी भरून गेलेल्या असतात.

किती दिवस पुरतात आणि मार्ग कसा असावा?

विमानप्रवासाचे दिवस वगळून बारा ते चौदा रात्री असल्या तर घाई होत नाही. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. घड्याळ हिवाळ्यात साडेसहा तास आणि उन्हाळी वेळ लागू असताना साडेसात तास पुढे असते. म्हणून पहिली रात्र, जमल्यास दोन, ख्राइस्टचर्चमध्येच काढाव्यात आणि ज्या दिवशी विमानातून उतरलो त्या दिवशी लांबच्या रस्त्यावर गाडी घालू नये.

पुढचा मार्ग साधा आहे. ख्राइस्टचर्चहून लेक टेकापो साधारण २३० किलोमीटर, म्हणजे न थांबता तीन तास. तिथे दोन रात्री राहावे. हा भाग २०१२ पासून आओराकी मॅकेंझी आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्हमध्ये, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखलेल्या प्रदेशात मोडतो, आणि मुंबई-पुण्याच्या उजेडात वाढलेल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा उघड्या डोळ्यांनी दाखवण्यासाठी याहून चांगली जागा सहज सापडणार नाही. टेकापोहून माउंट कुक गाव १०५ किलोमीटर आहे. ३,७२४ मीटर उंचीचे माउंट कुक शिखर देशातील सर्वात उंच असून एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी गिर्यारोहणाचा सराव याच डोंगरांत केला. गावात त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, पावसाचा दिवस तिथे चांगला जातो. त्यानंतर लिंडिस पास ओलांडून वानाका, पुढे क्वीन्सटाउन, आणि शेवटी ते अनाऊ (Te Anau). या शेवटच्या गावात दोन किंवा तीन रात्री ठेवाव्यात. त्याचे कारण मिलफर्ड साउंडच्या, म्हणजे उंच कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, प्रश्नात येईल. परत क्वीन्सटाउनला येऊन तिथेच गाडी सोडून विमानाने निघावे. एका गावी घेतलेली गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे जादा शुल्क असू शकते, पण एकच रस्ता दोनदा कापण्यापेक्षा ते दिलेले बरे.

पश्चिम किनाऱ्यावरील हिमनद्या आणि उत्तर बेटसुद्धा याच सहलीत बसवता येईल का?

बसवता येते, पण बसवू नये. वानाकाहून हास्ट पासमार्गे फ्रान्झ जोसेफ या हिमनदीजवळच्या गावापर्यंत सुमारे २८५ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता आहे, आणि हा किनारा अतिवृष्टीचा आहे. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरील पूल पुरात वाहून गेला होता आणि तेव्हा तो रस्ता पुन्हा सुरू व्हायला अडीच आठवडे लागले होते. मुलांसह पहिल्याच सहलीत असा रस्ता घेतला तर एका बंद घाटामुळे पुढची सगळी आरक्षणे कोसळतात. उत्तर बेटासाठी पिक्टन ते वेलिंग्टन ही साडेतीन तासांची फेरी लागते. तो वेगळ्या सहलीचा विषय आहे.

दिवसाला किती तास गाडी चालवावी?

मुले दहा वर्षांच्या आतली असतील तर प्रत्यक्ष चालवण्याचे तीन तास, मोठी असतील तर चार. मुंबई-गोवा एका दमात गेलेल्या पालकांना हे फार कमी वाटते, पण तिथे ज्यासाठी जायचे ते बहुतेक रस्त्यातच असते. फेअरलीला बेकरीत थांबणे, पुकाकी तळ्याच्या निळ्या पाण्याजवळ उतरणे, ओढ्यात दगड टाकणे या सगळ्याला वेळ लागतो आणि मुलांच्या लक्षात तेच राहते. मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात निम्म्याने भर घालावी. तसेच, लागोपाठ दोन दिवस मुक्काम हलवू नये, एवढा एक नियम पाळला तरी सहल निभावते.

व्हिसा आणि कागदपत्रांत मुलांसाठी काय वेगळे लागते?

भारतीय पारपत्रधारकांना आधी व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून पर्यटकांवरील आकार १०० न्यूझीलंड डॉलर झाला आहे, तो अर्ज करतानाच द्यावा लागतो. मराठीतील दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडावे. मुलांची रजा मंजूर असल्याचे शाळेचे पत्र जोडले तर कुटुंब परत येणार आहे हे अधिकाऱ्याला सहज पटते.

सर्वाधिक अडचण पारपत्रांच्या मुदतीत येते. मोठ्यांचे पारपत्र दहा वर्षांचे असते, मुलांचे फक्त पाच वर्षांचे, आणि घरातली सगळी पारपत्रे एकाच कपाटात असल्याने ही गोष्ट तिकिटे काढेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूझीलंडहून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्या पालकाचे सहीचे संमतिपत्र जवळ ठेवावे. स्वस्त तिकीट ऑस्ट्रेलियामार्गे मिळत असेल तर तिथून नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, हे आधी पाहावे. प्रवासापूर्वी प्रत्येकाचे, म्हणजे मुलांचेसुद्धा, न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन, म्हणजे देशात प्रवेश करण्याआधीचे माहितीपत्रक, भरायचे असते आणि ते विनामूल्य आहे.

महाराष्ट्रातील वाहनपरवाना तिथे चालतो का?

चालतो. परवाना इंग्रजीत असेल आणि मुदतीत असेल तर पर्यटकाला तो पुरतो. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा असे आम्ही सुचवतो, कारण गाडी भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात. मूळ परवाना गाडी चालवताना सोबत असणे कायद्याने बंधनकारक आहे. मोबाइलमधली प्रत त्याची जागा घेत नाही. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड अनामत रकमेसाठी मागितले जाते. आई-वडील दोघे चालवणार असतील तर दोघांची नावे करारात घालावीत, नाहीतर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताला विमा लागू होत नाही.

मुलांसाठी वेगळी आसने खरोखरच लागतात का? आमचा मुलगा सात वर्षांचा आहे.

लागतात. या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण आपल्याकडे मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची सवय आहे आणि तिथे ते चालणार नाही.

सातवा वाढदिवस होईपर्यंत प्रत्येक मुलाला त्याच्या वयाला व बांध्याला योग्य, मान्यताप्राप्त आसनात बसवणे सक्तीचे आहे. सात पूर्ण झालेल्या आणि आठ न झालेल्या मुलासाठी गाडीत असे आसन उपलब्ध असेल तर तेच वापरावे लागते, नसेल तर पट्टा. आठपासून पुढे पट्टा सक्तीचा. पंधरा वर्षांखालील मुलाने पट्टा लावला नसेल तर जबाबदारी चालकाची असते.

ही झाली कायद्याची बाजू. तिथले रस्ते-सुरक्षा तज्ज्ञ मूल १४८ सेंटिमीटर उंच होईपर्यंत बूस्टर आसन वापरण्याचा सल्ला देतात, आणि आम्हीही तोच आग्रह धरू. त्याचे कारण गाडीत बसवून पाहिले की लगेच कळते. सव्वा मीटर उंचीच्या मुलाला साध्या आसनावर बसवले तर खांद्यावरचा पट्टा मानेला घासतो, मूल तो काखेखाली सारते, आणि कमरेचा पट्टा मांड्यांवर राहण्याऐवजी पोटावर चढतो. धक्का बसला तर तो पट्टा पोटालाच इजा करतो. बूस्टरमुळे मूल फक्त दहा-बारा सेंटिमीटर वर उचलले जाते, पण पट्टा खांद्याच्या मधोमध आणि मांड्यांवर येतो. शिवाय त्याला खिडकीबाहेरचे दिसू लागते, त्यामुळे गाडी लागण्याचा त्रासही कमी होतो.

आसने गाडीसोबतच भाड्याने मिळतात. आरक्षण करताना मुलाचे वय, वजन आणि उंची तिन्ही लिहून कळवावे, आणि गाडी ताब्यात घेताना आसन घट्ट बसले आहे की नाही ते हाताने हलवून स्वतः पाहावे. रात्रीच्या विमानाने पेंगुळलेली मुले घेऊन काउंटरवर उभे असताना ही तपासणी टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा.

साधी मोटार घ्यावी की कॅम्परव्हॅन?

दोन मुलांच्या कुटुंबाला पहिल्या सहलीत साधी स्टेशन वॅगन किंवा एसयूव्ही आणि मुक्कामाला हॉलिडे पार्कमधील खोल्या, ही जोडी सर्वात सुखाची. हॉलिडे पार्कमध्ये सामायिक स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि मुलांसाठी खेळायची जागा असते.

कॅम्परव्हॅनचे आकर्षण आम्हाला कळते आणि मुलांना तर ती घराहून प्रिय वाटते. पण घेण्याआधी दोन गोष्टी कंपनीला लेखी विचाराव्यात. मागच्या आसनांना तीन बिंदूंचा पट्टा आहे की फक्त कमरेचा? आणि त्या आसनावर मुलाचे बूस्टर बसते का? कित्येक गाड्यांत झोपायला सहा जागा असतात, पण मुलांना सुरक्षित बसवायला तितक्या नसतात. डिझेलच्या गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्ता वापराचा सरकारी आकार वेगळा लागतो, तोही हिशेबात धरावा. कुठेही गाडी लावून रात्र काढता येते हा समज चुकीचा आहे. त्यासाठी गाडी प्रमाणित असावी लागते, त्या भागातील नियम पाळावे लागतात आणि मोडल्यास दंड होतो.

डाव्या बाजूनेच चालवायचे, मग रस्त्यावर वेगळे काय आहे?

बाजू तीच असली तरी शिस्त वेगळी आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा सहसा ताशी १०० आणि वस्तीत ५० किलोमीटर असते. १०० ही परवानगी आहे, लक्ष्य नव्हे, आणि वळणावर पिवळ्या फलकावर लिहिलेला कमी वेग मनापासून पाळावा. चौकातील गोलाला पोहोचल्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. इथे हॉर्न वाजवत पुढे घुसण्याची आपली सवय अत्यंत धोक्याची ठरते.

दक्षिण बेटावर एकेरी पूल पुष्कळ आहेत. पुलाआधी पांढऱ्या गोल फलकावर दोन बाण दिसतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचे आणि समोरून येणारे वाहन जाऊ द्यायचे. निळ्या फलकावर आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपला हक्क आधी. तरीही समोर कुणी पुलावर चढलेले नाही हे पाहूनच निघावे. पाठीमागे गाड्यांची रांग लागली असेल तर सुरक्षित जागा पाहून बाजूला व्हावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. फोटोसाठी रस्त्यातच किंवा कडेच्या अरुंद पट्टीवर थांबू नये, त्यासाठी राखलेल्या जागा ठिकठिकाणी आहेत. चालवताना मोबाइल हातात धरणे गुन्हा आहे.

पालकांना सहसा माहीत नसलेला एक कायदा इथेच सांगतो. चौदा वर्षांखालील मुलाला योग्य देखरेखीशिवाय एकटे सोडणे हा तिथे गुन्हा आहे. झोपलेल्या मुलांना गाडीत ठेवून आई-वडील दोघे दुकानात जाऊ नयेत.

लाडू, चिवडा, लोणचे नेता येते का?

काही येते, पण प्रत्येक खाण्याची वस्तू जाहीर करावीच लागते. न्यूझीलंडची अर्थव्यवस्था शेती आणि पशुधनावर उभी असल्याने किडी व रोग आत येऊ नयेत यासाठीची तपासणी फार कडक असते. न सांगितलेली वस्तू बॅगेत सापडली तर तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो, मग ते विमानात मिळालेले एक सफरचंद का असेना. मुलांच्या दप्तरांतून असे फळ किंवा अर्धवट खाल्लेला डबा निघण्याची शक्यता सर्वाधिक, म्हणून उतरण्यापूर्वी प्रत्येक दप्तर स्वतः उघडून पाहावे.

ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, मध आणि पेढे-बर्फीसारखे खव्याचे पदार्थ नेऊच नयेत. चिवडा, चकली, भाजणी, तयार मसाले हे शक्यतो कंपनीच्या बंद पाकिटात, एकाच पिशवीत, वर नावांची यादी लावून ठेवावे आणि ट्रॅव्हलर डिक्लरेशनमध्ये होय लिहून अधिकाऱ्याला ती पिशवी दाखवावी. जाहीर केलेली वस्तू त्यांनी नाकारली तर ती फक्त काढून घेतली जाते, दंड होत नाही. ट्रेकचे बूट मातीचा कण न ठेवता धुऊन न्यावेत, तेही जाहीर करायचे असतात.

शाकाहारी मुलांचे जेवणाचे हाल होतात का?

ख्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउनमध्ये भारतीय उपाहारगृहे सहज मिळतात. लहान गावांत मात्र रात्री आठनंतर स्वयंपाकघरे बंद होतात. तांदूळ, डाळ आणि पीठ ख्राइस्टचर्चच्या भारतीय किराणा दुकानातून घ्यावे, दही-भाजी सुपरमार्केटमधून. हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरात खिचडी टाकली की अर्ध्या तासात प्रश्न सुटतो. ते अनाऊच्या पुढे मिलफर्डच्या दिशेने दुकाने जवळपास नाहीत, म्हणून त्या दिवशीचा डबा आदल्या रात्रीच भरावा.

मिलफर्ड साउंडला स्वतः गाडी चालवत जावे का?

हवा स्वच्छ असेल आणि आपण ते अनाऊत राहत असाल तर जावे. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येणे मुलांसाठी क्रूर आहे : जाताना चार-साडेचार तास, येताना तेवढेच. ते अनाऊहून हेच अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे न थांबता दोन तास आहे. वाटेत मिरर लेक्सजवळ उतरावे, आणि १९५४ मध्ये खुला झालेला, डोंगराच्या अखंड खडकातून कोरलेला सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा मुलांना आवर्जून दाखवावा. त्याच्या तोंडाशी किया नावाचे धीट डोंगरी पोपट गाडीच्या टपावर येऊन बसतात आणि काचेभोवतीचे रबर चोचीने ओढतात. मुलांना हे फार आवडते, पण त्यांना काहीही खायला घालू नये. माणसाच्या खाण्याची चटक लागलेले किया वाहनांखाली सापडून मरतात.

निघण्यापूर्वी ते अनाऊत टाकी पूर्ण भरावी. पुढे मोबाइलचे नेटवर्क नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवावा. मे ते नोव्हेंबर या काळात बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागू शकतात आणि दरड किंवा हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंदही होतो. म्हणूनच ते अनाऊत एक रात्र जास्तीची धरावी, म्हणजे एक दिवस बुडाला तरी दुसरा हाताशी राहतो. साखळ्या लावण्याची वेळ येणार असेल तर गाडी ते अनाऊतच ठेवून बसने जावे. यात कमीपणा काहीच नाही. वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जागी पावसाला कंटाळू नये, कारण पाऊस असेल तेव्हाच कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळतात. वाळूमाश्या मात्र चावून हैराण करतात, मलम जवळ ठेवावे.

मुलीला घाटात गाडी लागते. काय करावे?

वानाका-क्वीन्सटाउन दरम्यानचा क्राउन रेंज रस्ता १,०७६ मीटरपर्यंत चढतो आणि उतारावर वळणे एकामागून एक येतात. अशा मुलीसाठी क्रॉमवेलवरून जाणारा थोडा लांबचा, सपाट रस्ता घ्यावा. निघण्याआधी पोटभर न जेवता हलके खाणे, गाडीत पुस्तक व मोबाइल बंद, खिडकी किंचित उघडी. औषध द्यायचे असेल तर बालरोगतज्ज्ञांना घरूनच विचारून न्यावे आणि सहलीआधी लोणावळ्याच्या वाटेवर एकदा देऊन पाहावे, म्हणजे गुंगी किती येते ते कळते.

आजारपण, अपघात किंवा रस्ता बंद झाल्यास काय?

अपघातात झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांच्या बाबतीतही बऱ्याच अंशी उचलते. पण ताप, अपेंडिक्स, दमा असे आजार त्यात येत नाहीत आणि परतीचा प्रवास किंवा बुडालेली आरक्षणेही नाहीत. म्हणून सर्वांचा प्रवासविमा हवाच, आणि गाडीच्या विम्यात आपल्याला स्वतः किती रक्कम भरावी लागेल तो आकडा सहीपूर्वी वाचावा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅनियनच्या रस्त्यावर भाड्याच्या गाडीचा विमा लागू होत नाही, तिथे आपण गाडी नेऊ नये.

तातडीच्या मदतीसाठी १११ हा क्रमांक दहा वर्षांवरील मुलांना पाठ करून द्यावा. रस्त्यांची स्थिती रोज सकाळी न्यूझीलंडच्या परिवहन संस्थेच्या, म्हणजे वाका कोताहीच्या, संकेतस्थळावर आणि हवामान मेटसर्व्हिसवर पाहावे, आणि हे काम घरातल्या मोठ्या मुलावर सोपवावे. रस्ता बंद असल्याचे त्याने नाश्त्याच्या वेळी सांगितले की त्याच हॉलिडे पार्कच्या कार्यालयात जाऊन एक रात्र वाढवून घ्यावी आणि पुढच्या मुक्कामाला लगेच फोन करून कळवावे. आरक्षणे करतानाच आदल्या दिवसापर्यंत विनाशुल्क रद्द करता येतील अशी निवडलेली असली, तर यात फारसे नुकसान होत नाही.